दळवीचं कॅल्शियम

माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना मुलीच्या मामांनी आईला विचारलं, मुलगा काय करतो? औषधांच्या कंपनीत आहे, आई म्हणाली. म्हणजे औषधं बनवतो? नाही. मग विकतो? तसंही नाही. दुकान आहे का? नाही. मामा विचारात पडले. बनवत नाही, विकत नाही, दुकान नाही, आणि भर मे महिन्यात गळ्यात टाय. मुलगा कुठल्यातरी भानगडीत आहे अशी त्यांची खात्री होत आली होती. शेवटी आईनेच तोड काढली. "डॉक्टरांना शिकवायला जातो," ती म्हणाली. लग्न ठरलं. पुढे कितीतरी वर्षं सासरवाडीचे लोक मला पाठदुखीपासून पोटातल्या जंतांपर्यंत सगळं विचारत राहिले, आणि मी चेहरा गंभीर करून "एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या" असं सांगत राहिलो. एवढ्या सल्ल्यावरसुद्धा तिकडे माझी हुशार म्हणून ख्याती आहे.

मी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह होतो. लोक एम.आर. म्हणतात. दवाखान्याच्या बाकावर, पेशंटांच्या रांगेत, जो माणूस आजारी दिसत नाही आणि तरी सगळ्यांत दुःखी दिसतो, तो एम.आर. एका टोकाला बाळकुम आणि दुसऱ्या टोकाला शहाड, मधलं ठाणं, डोंबिवली, कल्याण एवढा माझा मुलूख. पेशंट संपले की डॉक्टर आम्हाला दोन मिनिटं आत घेत. तेवढ्यात चकचकीत पानांची फाइल उघडायची, आमच्या औषधाचे गुण पाठ म्हटल्यासारखे सांगायचे, नमुन्याच्या गोळ्या टेबलावर ठेवायच्या आणि हसतमुखाने बाहेर पडायचं. याला डिटेलिंग म्हणतात. डॉक्टरांनी ते औषध लिहून द्यावं एवढीच अपेक्षा. आमचं गिऱ्हाईक औषध खात नाही, आणि जो खातो त्याला आम्ही ठाऊकही नसतो. असा हा अजब व्यापार.

या व्यापाराचा पहिला नियम म्हणजे डॉक्टरला नाही म्हणायचं नाही. डॉक्टर म्हणाले, उद्या या, तर "नक्की, डॉक्टर". डॉक्टर म्हणाले, तुमचं औषध एकदम बेकार आहे, तरी "नक्की, डॉक्टर, मी कंपनीला कळवतो". बाळकुमला एक डॉक्टर होते, मूळ गावातलेच. बाकीच्या जगाशी शुद्ध बोलायचे आणि माझ्याशी मुद्दाम घरच्या बोलीत. "तुजे गोलीनं माजे आयेचा गुडगा काय बरा नाय झाला," असं ते दर महिन्याला सांगायचे. मी दर महिन्याला "नक्की, डॉक्टर" म्हणायचो. त्यांची आई आणि तिचा गुडघा हे दोघंही माझ्या नोकरीच्या शेवटापर्यंत टिकले. हे मी कंपनीला कळवलं नाही, कारण कंपनीने त्याचं श्रेय मागितलं असतं.

माझं मुख्य औषध म्हणजे सांधेदुखीची कॅप्सूल, इंडोमेथासिन. तिच्याबद्दल मला एक वाक्य पाठ होतं: "डॉक्टर, ही प्रोस्टाग्लॅंडिनची निर्मिती थांबवते." हे वाक्य मी इंग्रजीत म्हणायचो, म्हणजे मला ते कळत नाही हे समोरच्याला कळायचं नाही. मी शहाडच्या चाळीत वाढलो. वडील कारखान्यात होते आणि घरात सर्वांत मोठा इंग्रजी शब्द म्हणजे 'ओव्हरटाइम'. त्यामुळे प्रोस्टाग्लॅंडिन या शब्दाचा मला फार अभिमान होता. त्याचा अर्थ विचारणारं कोणी भेटेल अशी कल्पनाच नव्हती.

ते कल्याणला भेटलं. डॉक्टर कर्णिकबाई, फिजिशियन, उंचीने माझ्या खांद्याएवढ्या, आवाजाने माझ्या दुप्पट. मी माझं वाक्य म्हटलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "प्रोस्टाग्लॅंडिन म्हणजे काय हो, गायकवाड?"

मी म्हणालो, "वेदना, मॅडम."

"वेदना म्हणजे वेदना. प्रोस्टाग्लॅंडिन म्हणजे काय ते पुढच्या महिन्यात येऊन सांगा. तोपर्यंत तुमची कॅप्सूल मी लिहिणार नाही."

"नक्की, डॉक्टर," मी म्हणालो आणि बाहेर आलो. बाहेरच्या बाकावर पुढचा नंबर लावून बसलेला माणूस गालातल्या गालात हसत होता. तो दळवी. त्याच्या कंपनीचं कॅल्शियम होतं.

दळवीबद्दल आधी सांगायला हवं. रत्नागिरीकडचा माणूस, राहायला ठाकुर्लीला, आणि जीभ तिखट. आमच्या कंपन्या वेगळ्या, पण माल वेगळा असल्यामुळे भांडण नव्हतं. आम्ही एकाच बाकावर इतकी वर्षं काढली की काही पेशंट आम्हाला भाऊ समजायचे. दळवीची एक खास करामत होती. दुसऱ्या कंपन्यांच्या गोळ्या पोटात विरघळत नाहीत आणि आमची विरघळते, हे दाखवायला तो डॉक्टरांच्या टेबलावर छोट्या ग्लासात व्हिनेगर ओतून त्यात आपली कॅल्शियमची गोळी टाकायचा. गोळी फसफसून विरायची. दळवीचा चेहरा असा व्हायचा की जणू तोच विरघळला. एकदा ती बाटली बॅगेत फुटली. त्या आठवड्यात तो जिथे जाईल तिथे डॉक्टर विचारायचे, "दळवी, मंचुरियनची गाडी टाकलीत का?" आणि दळवी म्हणायचा, "नक्की, डॉक्टर."

तर त्या दिवशी दळवी मला म्हणाला, चल, अभ्यास करू. त्याच्या शेजारचा मुलगा मेडिकलला होता. त्याचं जाडजूड पुस्तक मागून आणलं आणि आम्ही दोघं डोंबिवलीच्या एका हॉटेलात इडली खात ते वाचत बसलो. दोघांचीही बी.एस्सी. काठावरची. त्या धड्यातले जे शब्द आम्हाला कळले ते सगळे 'आणि', 'परंतु' या जातीचे होते. पुढच्या महिन्यात मी कर्णिकबाईंपुढे उभा राहिलो आणि पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. दळवी मुद्दाम माझ्याबरोबर आत आला होता, तमाशा पाहायला.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, पाठांतर छान आहे, आता बसा. आणि त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते मला आजही त्यांच्या शब्दांत आठवतं, कारण कोणत्याही डॉक्टरने मला खुर्ची देऊन काही समजावून सांगण्याची ती पहिलीच वेळ होती. शरीरात जिथे इजा होते तिथल्या पेशी जागच्या जागी हे पदार्थ तयार करतात. ते शेजाऱ्यांना निरोप देतात, की सुजा, दुखा, तापा. निरोप पोचला की ते विरून जातात. तुमची कॅप्सूल वेदना मारत नाही, ती निरोप्याला घरातून निघूच देत नाही.

मग त्या दळवीकडे बघून म्हणाल्या की या निरोप्याचं तुमच्या मालाशीही नातं आहे. हाड म्हणजे दगड नव्हे. तिथे रोज थोडी मोडतोड आणि थोडं बांधकाम चालू असतं. काही कॅन्सर असे असतात की ते मोडणाऱ्यांना जोराचा निरोप पाठवतात. मग हाडातलं कॅल्शियम सुटून रक्तात येतं. रक्तात ते वाढलं की माणसाला सारखी तहान लागते, पोट साफ होत नाही, ग्लानी येते, आणि मग तो भलतंसलतं बोलायला लागतो. बाई शिकत होत्या तेव्हा मोठमोठ्या लोकांना वाटायचं की हे सगळं प्रोस्टाग्लॅंडिनच करतात. म्हणून त्यांनीही अशा पेशंटांना उत्साहाने हीच कॅप्सूल दिली होती. एक आजी खडबडून उठल्या, सुनेला नावाने हाक मारली आणि चहा मागितला. बाईंना वाटलं, आपण जग जिंकलं. पुढच्या सगळ्या पेशंटांना काडीचाही फरक पडला नाही.

"नंतर कळलं की खरा गुन्हेगार दुसराच," त्या म्हणाल्या. "शरीरात कॅल्शियम सांभाळणारं एक हार्मोन असतं, त्याचा तोतया कॅन्सर तयार करतो. बहुतेकांत हा तोतयाच असतो. प्रोस्टाग्लॅंडिन खरे दोषी असतात ते थोड्याच जणांत. आम्ही मात्र सरसकट त्यांनाच फासावर चढवत होतो."

जिना उतरताना दळवी म्हणाला, "म्हणजे माझा माल जास्त झाला की तुझा माल लागणार. गायक्या, आपण दोघं मिळून एजन्सी काढू." यावर आम्ही खालच्या पानाच्या टपरीपर्यंत हसलो. कर्णिकबाईंनी माझी कॅप्सूल लिहायला सुरुवात केली, आणि मी पुढची सगळी वर्षं त्यांचं ते भाषण इतर डॉक्टरांना स्वतःचं म्हणून ऐकवत राहिलो. काहींनी माझ्या वाचनाचं कौतुकही केलं. मी ते नम्रपणे स्वीकारलं.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. मी डोंबिवलीत, तो ठाकुर्लीत, आणि भेटायचो ते मध्येच एका बागेच्या कट्ट्यावर. सवय अशी जडलेली की बाकावर बसलं की दोघंही दरवाजाकडे तोंड करून बसायचो, कोणीतरी आत बोलावेल म्हणून. मग दळवीच्या एका किडनीत गाठ निघाली. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात ती किडनी काढली. दळवीने ते प्रकरण टिंगलीवर नेलं. म्हणायचा, आयुष्यभर दोन बॅगा वागवल्या, आता एकीवर भागवू. वर्षभर बरं गेलं. मग पाठ दुखायला लागली, आणि दुखणं हाडात पोचलेलं निघालं.

आपल्याकडे हाडं दुखली की घरात पहिल्यांदा काय येतं ते मी सांगायला नको. ठाकुर्लीच्या त्या दोन खोल्यांत जो येई तो कॅल्शियम घेऊन येई. कोणी नाचणीचं सत्त्व, कोणी दुधाची पावडर. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर दह्यातून चुना द्या असं सांगितलं, मोबाइलवर आलं होतं म्हणे. आणि सर्वांत कहर म्हणजे दळवीच्या जुन्या कंपनीतली तरुण पोरं त्याला भेटायला आली ती त्याच्याच गोळ्यांचा खोका घेऊन. दळवी दिवसभर घटाघटा पाणी प्यायचा आणि झोपायचा. त्याची बायको, शैलावहिनी, म्हणायच्या की औषधांनी थकवा आलाय. मीही मान डोलवायचो. कर्णिकबाईंचं भाषण मी एवढ्या डॉक्टरांना ऐकवलं होतं, त्यातलं तहान आणि ग्लानी हे शब्द रोज डोळ्यांपुढे बसलेले असून माझ्या डोक्यात घंटा वाजली नाही. ज्याला पाठ असतं त्याला कळतंच असं नाही, हे मी आमच्या धंद्याचं ब्रीदवाक्य म्हणून सुचवू इच्छितो.

घंटा वाजवली ती दळवीनेच. एका दुपारी मी गेलो तर तो पलंगावर ताठ बसलेला, आणि समोरच्या कपाटाला डिटेलिंग करत होता. "डॉक्टर, आमची गोळी पोटात पूर्ण विरघळते, डॉक्टर." मग हात पुढे करून ग्लासात काहीतरी ओतल्यासारखं केलं. वहिनी दारात उभ्या राहून रडत होत्या. मला आधी हसू आलं, आणि मग कर्णिकबाईंचं 'भलतंसलतं बोलायला लागतो' आठवलं.

त्याला ठाण्याला नेलं. रक्त तपासलं. कॅल्शियम भलतंच वाढलेलं. तिथले डॉक्टर तरुण होते, स्वभावाने शांत. त्यांनी आधी घरातल्या सगळ्या डब्यांना आणि गोळ्यांना सुट्टी दिली, पण हेही सांगितलं की त्या दुधाने आणि नाचणीने हे झालेलं नाही, हे आतून हाडातून उतरतंय. सलाइन लावलं, हाडांची मोडतोड थांबवणारं इंजेक्शन दिलं. कॅल्शियम उतरलं आणि थोड्याच दिवसांत परत वर आलं. त्याहून नवं इंजेक्शन दिलं. त्याचाही असर टिकला नाही.

इथे खरा पेच आला. कॅन्सरवर पुढची एक ट्रीटमेंट शिल्लक होती. कडक होती, फायदा होईलच असं नव्हतं, झाला तर काही महिने. दळवीची मुलगी मृणाल पुण्याहून आली होती. ती म्हणाली, सुरू करा. वहिनी म्हणाल्या, त्यांना विचारा. डॉक्टरांनी विचारलं.

"दळवीसाहेब, पुढची ट्रीटमेंट सुरू करूया का?"

"नक्की, डॉक्टर."

मृणालच्या चेहऱ्यावर उजेड आला. मग डॉक्टरांनी विचारलं, "आज कुठला वार आहे?"

"नक्की, डॉक्टर."

"तुम्ही कुठे आहात आत्ता?"

"नक्की, डॉक्टर. पुढच्या व्हिजिटला घेऊन येतो."

डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन आले आणि म्हणाले की याला होकार म्हणता येणार नाही, ते शुद्धीवर आलेच नाहीत तर घरच्यांनाच ठरवावं लागेल. मला त्यांना सांगावंसं वाटलं की साहेब, हा आमच्या जन्माचा होकार आहे, याला अर्थ कधीच नव्हता. पण मृणाल समोर होती. ती म्हणत होती, बाबा हो म्हणाले ना. वहिनी पदराचं टोक पिळत होत्या. त्या बाईने संसारभर नवऱ्याला काय हवं ते न विचारता ओळखलं होतं, आणि आता तिला ते ओळखता येत नव्हतं.

मी कल्याणला गेलो. कर्णिकबाई अजून दुपारी थोडा वेळ बसतात. आता त्यांना एम.आर. भेटत नाहीत, कारण त्यांना ऐकू कमी येतं, दिलेली उत्तरं ऐकू येत नाहीत, आणि त्यामुळे त्या आणखी प्रश्न विचारतात. मी सगळं मोठ्याने सांगितलं. त्यांनी फाइल दोनदा वाचली. किडनीच्या गाठींत कधीकधी तो जुना निरोप्या खरंच असतो, त्या म्हणाल्या. पण तुमची कॅप्सूल किडनीला त्रास देते आणि दळवीकडे एकच किडनी उरलीय, तेव्हा हा खेळ नाही. त्यांनी ठाण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघं बराच वेळ बोलले, म्हणजे बाई बोलल्या. ठाण्याचे डॉक्टर आधी तयार नव्हते. शेवटी ठरलं ते असं: दुसरं काही उरलेलं नाही, रोज रक्त तपासायचं, किडनीने जरा कुरकुर केली की बंद, आणि घरच्यांनी समजून उमजून हो म्हणायचं. वहिनी हो म्हणाल्या. मृणाल म्हणाली, काहीही करा पण बाबांना शुद्धीवर आणा, म्हणजे ट्रीटमेंट सुरू होईल.

त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा माझी कॅप्सूल विकत घ्यायला केमिस्टच्या काउंटरवर उभा राहिलो. पोरगा म्हणाला, काका, हे कोण लिहितं आता, दुसरं देऊ का त्याच जातीचं? माझ्या तोंडात जुनं वाक्य आलंच होतं. मी ते गिळलं आणि म्हणालो, हेच पाहिजे, मागवून दे.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसून त्या निरोप्याला शिव्या देत होतो, कारण एवढी वर्षं त्याच्या नावावर पोट भरलं आणि त्याचा माझ्या मित्राशी काही संबंध आहे की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मग एका सकाळी मी आत शिरलो तर दळवी उशीला टेकून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं.

"अरे, तू इथेच पडलेलास की काय? घर नाही का तुला?"

वहिनींनी त्याचा हात धरला होता आणि सोडत नव्हत्या. मी कसंबसं त्याला सांगितलं की काय झालं, आणि कशाने उतरलं.

"तुझ्या कॅप्सूलने?"

"हो."

"हे कुठे बोलू नकोस," दळवी म्हणाला. "कंपनीत माझी काय इज्जत राहील."

रक्ताचा रिपोर्ट आला, कॅल्शियम खरंच खाली होतं. कर्णिकबाईंना मी फोनवर ओरडून सांगितलं. त्या नुसतं "असं?" म्हणाल्या आणि मग म्हणाल्या, फार दिवस धरून चालू नका. ठाण्याच्या डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली आणि दळवीला सगळं सरळ सांगितलं. आजार कुठपर्यंत आलाय, ट्रीटमेंट काय आहे, तिने काय होईल, काय नाही होणार, आणि कॅल्शियम परत वाढू शकतं हेही. दळवीने प्रश्न विचारले. कितीजणांना उपयोग होतो, त्रास काय होतो, ती घेताना घरी राहता येतं का. कोणताही चांगला डॉक्टर आम्हाला विचारायचा तेच. आम्ही त्यावर नेहमी काय पळवाटा काढायचो ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. या डॉक्टरांनी एकही पळवाट काढली नाही.

मृणाल पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. "बाबा, सुरू करू या ना?"

"नाही, डॉक्टर," दळवी म्हणाला. मुलीकडे न बघता, डॉक्टरांकडे बघून. मग आवाज उतरवून, "मला घरी जायचंय."

इतक्या वर्षांत दळवीच्या तोंडून कोणत्याही डॉक्टरसमोर मी हा शब्द ऐकला नव्हता. माझ्याही नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी बावळटासारखा हसलो, आणि ते मृणालने पाहिलं.

तिने खूप समजावलं. रडली, चिडली. दळवी ऐकत राहिला, तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला आणि म्हणाला की बाळा, मला कळतंय तू काय म्हणतेस, पण नाही. संध्याकाळी ती बॅग घेऊन निघाली. ऑफिसचं काम आहे, दोन-चार दिवसांत येते, म्हणाली. तिला अडवायला मी बाहेर गेलो, तर ती वळून म्हणाली, "काका, तुम्हाला कोणी सांगितलेलं ती कॅप्सूल आणायला? बाबा हो म्हणत होते." माझ्याकडे प्रत्येक आक्षेपाला उत्तर असायचं, कंपनीने छापूनच दिलेलं असायचं. याला नव्हतं. लिफ्टचं दार बंद झालं आणि मी तिथेच उभा राहिलो.

आम्ही दळवीला ठाकुर्लीला आणलं. तो तिथे चांगला राहिला, थोडेच दिवस, पण चांगला. मग पुन्हा पाणी मागायला लागला, मग दिवसा झोपायला लागला. कॅप्सूल चालूच होती, पण आता ती ऐकली जात नव्हती. निरोप्या दुसरा आला असावा, की किडनीच थकली, मला विचारू नका. मी पुन्हा फक्त पाठांतरवाला झालो होतो. मृणाल आली तेव्हा तो तिला ओळखत नव्हता. तिला पाहून हसला आणि म्हणाला, "नक्की, डॉक्टर."

दळवी गेला. नंतर बरेच दिवस मी तिकडे जायचं टाळलं. मृणालला तोंड दाखवायची लाज वाटत होती, हे सरळ सांगतो. एका रविवारी वहिनींनीच फोन करून बोलावलं. मृणाल आलेली होती. चहा झाला. मग ती एकदम म्हणाली, "काका, तुम्ही ती कॅप्सूल आणली नसती तर ट्रीटमेंट सुरू झाली असती."

"हो," मी म्हणालो.

"बाबा कदाचित आज असते."

"कदाचित असते गं."

माझे डोळे भरून आले होते. वहिनी कपबश्या गोळा करत होत्या. त्यांनी त्या तशाच परत टेबलावर ठेवल्या आणि लेकीच्या शेजारी येऊन बसल्या.

"मृणाल, तुला मी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "घरी आणल्यावर ते माझ्याशी भांडले. चांगले कडकडून भांडले. कितीतरी महिन्यांनी, अगं."

मृणालने डोळे पुसले.

"कशावरून?" तिने विचारलं.

वहिनी सांगायला लागल्या. दळवीला सोलकढी हवी होती आणि त्यांनी भाताची पेज पुढे केली होती, तिथून सुरू झालं. त्याने काय म्हटलं, त्यांनी काय उत्तर दिलं, मग तो काय म्हणाला, सगळं, त्याच्या आवाजात. मृणाल मध्येच हसत होती आणि मध्येच रडत होती आणि म्हणत होती, "मग? मग?" मी चपला घातल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरलो.